शेडनेटातलं इंग्रजी

मागच्या महिन्यात आमच्या बियाण्याच्या कंपनीत चार नवीन पोरं फील्ड ऑफिसर म्हणून लागली आणि वरून हुकूम आला की त्यांना रोजच्या बोलण्यातले इंग्रजी वाक्प्रचार मी शिकवावेत. का, तर ऑफिसात माझ्याइतके इडियम दुसऱ्या कुणाला येत नाहीत. खरं आहे ते. बदनापूरला पाचवीत गेल्यावर मी पहिल्यांदा एबीसीडी बघितली, आणि आज 'ॲट द एंड ऑफ द डे' म्हटल्याशिवाय माझं वाक्य संपत नाही. बायको म्हणते, दिवस संपला की सांगा, जेवायला वाढते. तर पोरांपुढं उभं राहण्याआधी हे इंग्रजी मी कुठं शिकलो आणि कुठं वापरलं ते एकदा लिहून काढावं म्हटलं. पोरांना हे दाखवणार नाही. त्यांना यादी देईन.

दोन-अडीच वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीन मॅनेजर आले, पुण्याहून. मूळ गाव घनसावंगीकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. हे साहेबांनी कधी सांगितलं नाही. एकदा काळीपिवळी जीपमध्ये त्यांचा चुलतभाऊ माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता, त्यानं सांगितलं. पण पुण्याला पंधरा वर्षं काढल्यावर माणसाला मराठी समजते, बोलवत नाही. पहिल्याच मीटिंगला साहेब म्हणाले, "तुम्ही लोक बियाणं वर्ल्डक्लास बनवता, पण बोलता गावठी. बाहेरचे खरेदीदार येतात आणि तुम्ही त्यांच्यापुढं येस-नो करत उभे. इंग्रजी येणं वेगळं आणि इंग्रजीत मुरणं वेगळं. मुरायचं असेल तर इडियम."

आम्ही मुरायला लागलो. लोणचं मुरायला तरी तेल-मीठ लागतं. आम्हाला जालन्याच्या बसस्टँडजवळ एका टायरच्या दुकानावर भरणारा क्लास पुरला. सर माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, अंगाला अत्तर, केसाला जेल, आणि फळ्यावर कायम एक टाय घातलेला इंग्रज काढलेला. त्यांचा नियम एकच. रोज एक इडियम. तो त्याच दिवशी, खऱ्या माणसाशी, खऱ्या बोलण्यात वापरायचा, फोनवर रेकॉर्ड करायचा आणि ग्रुपवर टाकायचा. समोरच्या माणसाला तो कळला का, हा प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हता.

पहिला इडियम 'पीस ऑफ केक'. म्हणजे अगदी सोपं काम. आपल्याकडे त्याला डाव्या हातचा मळ म्हणतात, पण मळ म्हटलं की सर नाक मुरडायचे. आमच्यातला एकजण त्याच दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणाला, तुझा स्वयंपाक म्हणजे पीस ऑफ केक. ती हरखली, रेकॉर्डिंगमध्ये तिचं हसू पण आलं. मग तिनं लेकीला अर्थ विचारला. पुढं तीन दिवस गडी डबा न घेता ऑफिसला आल्ता. दुसरा इडियम धो धो पावसाचा, 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. तो वापरायला पाऊस लागतो हे सरांच्या ध्यानात आलं नसावं. जून कोरडा गेला, अर्धा जुलै गेला, इडियम तसाच पेंडिंग. शेवटी एकानं न्हाणीघरात नळ सोडून, वर बादली आपटून रेकॉर्डिंग केलं आणि 'सुपर्ब' मिळवला.

मी मात्र पहिला नंबर सोडला नाही. हसू नका, मला खरंच नाद लागला. तोपर्यंत शेतकऱ्यानं काही विचारलं की मला उत्तर द्यावं लागायचं. औषध कधी येणार? मंगळवारी. नाही आलं की बुधवारी शिव्या खायच्या. आता मी म्हणायला लागलो, "इट इज इन द पाइपलाइन." मंगळवार नाही, बुधवार नाही, शिव्या नाहीत. समोरचा माणूस मान डोलावून गप बसतो, कारण न कळणं हा त्याला स्वतःचाच कमीपणा वाटतो. 'लेट्स टच बेस', 'आय विल गेट बॅक टू यू', 'वी आर ऑन द सेम पेज'. काय एकेक हत्यारं! मराठीत असं बोलायला गेलं की लोक विचारतात, म्हणजे हो का नाही ते सांग. आमच्या पिकअपचे ड्रायव्हर चाचा, घरी उर्दू बोलणारे, एकदा वैतागून म्हणाले, "साब, पहले हाँ बोलो या ना बोलो. सजाना है तो बाद में सजाओ." मी त्यांना सांगितलं, चाचा, तुमच्यात कम्युनिकेशन स्किल नाही.

आता अक्काबद्दल. तिच्यासाठी तर हे सगळं लिहायला बसलो.

माझा भाग भोकरदन तालुक्याचा, त्यातही धावड्याकडची गावं. तिथं शेतात हिरव्या जाळीची घरं उभी दिसतात, ती शेडनेट. आत मिरची असते, पण खायची नव्हे. आमची कंपनी शेतकऱ्याला दोन जातींची रोपं देते, एक मादी, एक नर. संध्याकाळी बायका मादीच्या ओळीत शिरतात, उद्या उमलणारी कळी हेरतात आणि चिमट्यानं तिच्यातले नराचे तुरे अलगद काढून टाकतात. सकाळी नराच्या ओळीतली फुलं डब्यात गोळा करायची, त्यांचा पराग त्या कळीच्या टोकाला लावायचा आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. ह्याला क्रॉसिंग म्हणतात. एक कळी चुकली तरी भेसळ. महिनाभर वाकून वाकून बायकांच्या कंबरेचे टाके ढिले होतात आणि मग कुठं ते हायब्रीड बियाणं तयार होतं, ज्याच्या पाकिटावर भलत्याच गोऱ्या बाईचा फोटो असतो.

अक्का ह्या कामातली वस्ताद. पन्नाशीची, सावळी, तोंडानं तिखट. तिच्या हाताखाली अकरा बायकांची टोळी. नऊ-दहा वर्षं दुसऱ्यांच्या नेटात क्रॉसिंग करून राह्यली होती आणि तिच्या टोळीनं केलेलं बियाणं एकदाही नापास झालं नव्हतं. मोठे मोठे बागायतदार हंगामाच्या आधी तिच्या ओट्यावर येऊन बसायचे, अक्का, आमची तारीख आधी धरा म्हणून. ती त्यांना चहा पाजायची आणि जमेल तीच तारीख द्यायची, मग समोर सरपंच असला तरी.

तिला मीच भरीस घातलं. म्हटलं, "अक्का, किती दिवस दुसऱ्याच्या नेटात वाकायचं? स्वतःच्या नावावर प्लॉट घ्या. कंपनीच्या यादीत तुमचं नाव घालतो." तिचा दीर दारात उभा राहून फिदीफिदी हसला. बाईच्या नावावर कुठं प्लॉट असतो का, म्हणाला. अक्कानं चार दिवस विचार केला आणि हो म्हटलं. नेट उभं राहिलं त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, गावात माझं काय हाये? शेती दिराकडं जास्त, घर जुनं. लोकं येवढंच म्हणत्यात की हिचा हात चोख हाये. माझ्या बायांला पण त्याच्यावरच काम मिळतं. आता नाव यादीत घालून राह्यलेत, तं त्याला बट्टा लागू देऊ नका."

मी म्हटलं, "अक्का, डोन्ट वरी." हा इडियम नाही, पण तेव्हा मी नवा होतो.

रोपं वाढली, नराच्या ओळीला कळ्या धरल्या. क्रॉसिंगला तीन दिवस राहिले असताना मी नेटवर गेलो. नेहमीची फेरी. अक्का नराच्या ओळीत उकिडवी बसलेली. मला बघून म्हणाली, "भाऊ, बरं झालं आलात. ह्या नरात दहा झाडं येगळी दिसून राह्यलीत. पानाला लव हाये, कळी जाड हाये. ट्रेमधीच दुसरं रोप मिसळलं असंल. उपटू का?"

आता नियम असा की कंपनीच्या माणसानं बघितल्याशिवाय शेतकऱ्यानं नराचं एक झाड उपटायचं नाही. मी बघायचं, खात्री करायची, मी म्हणेन तर उपटायचं. काम पाच मिनिटांचं. वाकायचं, दहा पानांवरून बोट फिरवायचं, हो म्हणायचं.

पण त्या दिवशी माझी अडचण वेगळी होती. सकाळपासून इडियम जमत नव्हता. फार अवघड होता: 'वी विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वी कम टू इट'. म्हणजे पुढची काळजी आत्ता कशाला, वेळ आली की बघू. चहाच्या हॉटेलात प्रयत्न केला, बसला नाही. पेट्रोल पंपावर केला, तिथला माणूस म्हणाला, पुढं पूल नाहीच, सरळ जा. दुपारचे चार वाजलेले, आणि मागचे सलग चाळीस दिवस माझा एकही खाडा नव्हता. आणि इथं ही बाई समोर बसून मला असा प्रश्न विचारतेय की त्याला हा इडियम चपखल बसावा! मला वाटलं देव पावला.

मी खिशातून फोन काढला. रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि म्हटलं, "अक्का, आत्ता काय विचारलं ते परत एकदा विचारा. जरा मोठ्यानं."

तिला वाटलं, ऑफिसात दाखवायला घेतोय, नोंद होतेय. डोक्यावरचा पदर सारखा केला, घसा खाकरला आणि शाळेत उभं राहून उत्तर द्यावं तसं सावकाश म्हणाली, "साहेब, माझ्या नराच्या ओळीत दहा झाडं येगळी हायेत. मी उपटून टाकू का?"

मी म्हटलं, "वेल, वी विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वी कम टू इट."

"म्हंजे?"

मी रेकॉर्डिंग बंद केलं. "म्हणजे घाई नाही. वेळ आली की बघू."

"म्हंजे उपटू नको?"

"नका. मी बघतो."

आणि मी बघितलं का? नाही. नेटच्या आत रेंज नव्हती, ग्रुपवर टाकायला डांबरी रस्त्यावर जाणं भाग होतं, जल्दी होती. रस्त्यावर आलो, टाकलं. सरांचं लगेच आलं, "एक्सलंट! व्हेरी नॅचरल!" साहेब पण त्या ग्रुपवर होते. त्यांनी अंगठा दिला. पुण्याच्या माणसाचा अंगठा! मी गाडीवर बसून तो दोनदा बघितला.

दोन दिवसांनी अक्काचा फोन आला. मी क्लासमध्ये होतो. "भाऊ, उद्यापून क्रॉसिंग धरून राह्यलो. ते नराचं बघाया येता ना?" मी बाहेर येऊन हळूच म्हटलं, "अक्का, आय ॲम ऑन इट." ती म्हणाली, "बरं." तिला वाटलं मी ठरवलंय काहीतरी. शिकलेला माणूस, कंपनीचा माणूस, तो म्हणतोय म्हणजे असेल काही बराबर. क्रॉसिंग सुरू झालं. त्या दहा झाडांची फुलं बाकीच्या फुलांबरोबर डब्यात पडली, आणि एकदा डब्यात पडल्यावर कुठला पराग कुठल्या झाडाचा हे ब्रह्मदेवाला पण सांगता येत नाही. मी पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा बायका दोरे बांधून राह्यल्या होत्या. नराच्या ओळीकडं मी गेलो पण नाही. विसरलो होतो. साधं, शुद्ध विसरलो होतो. चाळीस इडियम पाठ होते आणि दहा झाडं विसरलो.

बियाणं निघालं, पोत्यात भरून जालन्याला आलं. मग कंपनी त्यातलं थोडं पेरून बघते, झाडं एकसारखी येतात का. त्याला काही महिने जातात. निकाल आला तेव्हा मी ऑफिसात होतो. यादीत सगळे पास, एक नापास. भेसळ, मर्यादेच्या बाहेर. धावडा, आणि पुढं अक्काचं नाव.

कारण विचारायची मला गरज नव्हती.

संध्याकाळी बदनापूरला उतरून घरी न जाता मी स्टेशनच्या बाकावर बसलो आणि ग्रुपवर मागं मागं जात ते रेकॉर्डिंग शोधलं. अक्काचा घसा खाकरल्याचा आवाज, मग तो प्रश्न, मग माझं इंग्रजी. उच्चार खरंच चांगला होता. मी ते डिलीट करायला गेलो. सगळ्यांच्या फोनवरून जाईना, मुदत संपली होती. फक्त माझ्या फोनवरून जात होतं. घाबरलो. मग लक्षात आलं, घाबरायचं काय? ते ऐकलंय कुणी? सरांनी माझं वाक्य ऐकलं, साहेबांनी माझं वाक्य ऐकलं. त्याच्या आधी एक बाई मराठीत काय विचारतेय ते तीसेक जणांच्या ग्रुपवर एकानं पण ऐकलं नव्हतं. तिथं ते सगळ्यांदेखत पडलेलं होतं आणि बिलकुल सुरक्षित होतं.

मी घरी गेलो आणि जेवलो.

नापास प्लॉटचं कारण फील्ड ऑफिसरनं लिहून द्यायचं असतं. भेसळ दोन वाटांनी येते. एक तर नर रोपातच दुसरी जात मिसळलेली असते आणि ती काढायची जबाबदारी कंपनीच्या माणसाची. नाही तर बायकांनी क्रॉसिंग नीट केलेलं नसतं. मी फॉर्म पुढं घेऊन तासभर बसलो. मराठीत लिहायचं म्हटलं की मेली भाषा लगेच विचारते, कुणी? 'बघितलं नाही', बरं, कुणी बघितलं नाही? मग मी इंग्रजीत लिहिलं, "लॅप्स ॲट फील्ड लेव्हल." फील्ड लेव्हलला चूक झाली. फील्डवर मी पण असतो, अक्का पण असते, मिरची पण असते. खोटं काही नव्हतं त्यात. हेही सांगून टाकतो की त्याच आठवड्यात एरिया इन्चार्जच्या जागेसाठी माझं नाव वर गेलेलं होतं.

साहेबांनी वाचलं आणि त्यांना जो अर्थ सोयीचा तो घेतला. क्रॉसिंगमध्ये हयगय. टोळी निष्काळजी. मी म्हटलं नाही की तसं नाही. अळीमिळी गुपचिळी.

मग साहेब म्हणाले, आपण धावड्याला मीटिंग घेऊ, सगळ्या प्लॉटवाल्यांना बोलावू, एक मेसेज गेला पाहिजे. देवळापुढच्या मांडवात सतरंज्या टाकल्या. साठ-सत्तर माणसं, मागं बायका. अक्का आपल्या अकरा जणींबरोबर बसलेली. तिला निकाल फोनवर कळवलेला होता, मीच कळवला होता, "नापास झालंय, मीटिंगला बोलू" एवढंच. तिनं लांबून माझ्याकडं बघितलं. मी स्पीकरची वायर नीट करायला घेतली.

साहेब इंग्रजीत बोलले. धावड्यात! समोर एकाला येत असेल तर शपथ. आणि भाषांतराला मी. घनसावंगीचा माणूस इंग्रजीत बोलतोय आणि बदनापूरचा माणूस ते धावड्याच्या लोकांना मराठीत सांगतोय, असला तमाशा पुन्हा बघायला मिळायचा नाही. साहेब म्हणाले, क्वालिटीचा बार वर ठेवायचा आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, आपण सगळे एका बोटीत आहोत. मी सांगितलं. मग ते म्हणाले, "बट वन बॅड ॲपल स्पॉइल्स द होल बॅरल," आणि हात मागच्या बायकांकडं केला.

मी माईकमध्ये म्हणालो, "एक आंबा नासका निघाला की सगळी अढी नासते."

इतकं फक्कड जमलं! पुढं बसलेले दोन म्हातारे "वा, बराबर" म्हणाले. साहेबांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. अक्काचा दीर खांबाला टेकून उभा होता, तो हसला. अकरा बायकांतल्या एकीनं तोंडात पदर धरला. आंब्याची अढी प्रत्येकीच्या घरात असते, त्यांना काही समजावून सांगायला लागलं नाही. पुढं साहेबांनी जाहीर केलं की हा प्लॉट यादीतून कमी, आणि ज्या टोळीनं हे क्रॉसिंग केलं तिला पुढच्या हंगामात कंपनीच्या कुठल्याही प्लॉटवर घ्यायचं नाही. तेही मीच सांगितलं, मराठीत, स्वच्छ.

अक्का उठून उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "मी नराच्या ओळीचं आधी इचारलं व्हतं. दहा झाडं येगळी व्हती. मला उपटू नको म्हणून सांगितलं."

कुणी सांगितलं ते तिनं म्हटलं नाही. माझ्याकडं बघितलं पण नाही. आता वाटतं, ती जागा तिनं मुद्दाम मोकळी ठेवली होती. फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. त्यात तिचा आवाज होता. ग्रुप उघडायचा, माईकला लावायचा, संपलं. तेवढंही नको, 'मी सांगितलं' हे दोन शब्द पुरे होते.

साहेबांना मराठी कळत नाही असं नाही, पण त्यांनी भुवया उंचावून मला विचारलं, "व्हॉट इज शी सेईंग?"

आणि माझ्या तोंडून आलं, "सर, शी इज क्लचिंग ॲट स्ट्रॉज."

बुडणारा माणूस काडीला धरतो, तशी ही धरतेय. क्लास संपून काही महिने झाले होते. रेकॉर्ड करायचा नव्हता, ग्रुपवर टाकायचा नव्हता. अडीच महिन्यांचा क्लास करून मी पहिल्यांदाच आपसूक, खऱ्या बोलण्यात, बरोबर जागी इडियम वापरला. साहेब हसले, मान हलवली, आणि पुढच्या मुद्द्याकडं गेले. अक्काला त्यातला शब्द कळला नाही. तिनं साहेबांचं हसणं बघितलं, मग माझं तोंड बघितलं आणि खाली बसली.

मीटिंग संपली. चहा आला. मी कप तसाच खाली ठेवला. अक्का आणि तिच्या बाया निघाल्या, बाया पुढं गेल्या, अक्का मागं हळूहळू चालत होती. मी गाडी ढकलत तिच्या मागं गेलो. वळणावर, पिठाच्या गिरणीच्या पलीकडं, जिथून मांडव दिसतो पण मांडवातलं ऐकू येत नाही, तिथं तिला गाठलं. मला लाज वाटत होती. खरं सांगतो, रडू येत होतं. म्हटलं, "अक्का."

ती थांबली.

"अक्का, चूक माझी होती. तुम्ही विचारलं होतं. मी बघितलं नाही. विसरलो मी. तुमच्या बायांनी काही चूक केली नाही. सगळी चूक माझी."

झालं. बोललो. इतके दिवस घशात अडकलेलं सरळ मराठीत बोललो आणि छाती एकदम हलकी झाली. वाटलं, आता ही शिव्या देईल, देऊ दे. नाही तर म्हणेल, जाऊ द्या भाऊ, चुकतो माणूस.

अक्कानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी तिच्या नेटात उभा राहून काही विचारलं की जशी बघायची तशीच.

"मला काहून सांगता भाऊ?" ती म्हणाली. "मला तं पहिल्या दिवसापून ठाऊक हाये. ज्यांला ठाऊक न्हाई ते तिथं बसले हायेत."

तिनं मांडवाकडं बोट केलं. "जा. अजून उठले न्हाईत. चहा चालू हाये त्यांचा."

मी वळून बघितलं. खरंच कुणी उठलं नव्हतं. साहेबांच्या हातात कप होता, माईक चालू होता, कुणीतरी पोरगं त्यात फुंकर मारून बघत होतं, त्याचा आवाज इथपर्यंत येत होता. चालत गेलो असतो तर दोन मिनिटं लागली असती. अक्का माझ्या शेजारी उभी राहिली, थोडा वेळ, मी जातो का बघत. मग तिनं पदर खोचला आणि आपल्या बायांच्या मागं निघून गेली. मी गाडीला किक मारली आणि भोकरदनच्या रस्त्याला लागलो.